स्वयंपाकघर एक, माहेर दोन

पुण्याच्या बाजारपेठेत किरणोपचाराला आजही 'शेक' असेच म्हटले जाते. मार्केट यार्डातील गाळ्यावर, लक्ष्मी रस्त्यावरील पेढीवर किंवा स्थानकाच्या पायरीवर कोणी दबक्या आवाजात सांगते, "त्यांचे शेक चालू आहेत." शब्द सौम्य आहे, त्यात आजीच्या हातची ऊब आहे. प्रत्यक्ष उपचार मात्र सराफाच्या काट्याहून अधिक काटेकोर असतो. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजली जाते. किती ग्रे, किती हप्त्यांत, शरीराच्या कोणत्या भागावर आणि कोणत्या कोनातून, याचा आराखडा तज्ज्ञ आधी तयार करतात आणि मगच यंत्र सुरू होते. माप इतके अचूक असूनही एकच मात्रा एका रुग्णाला सहज सोसते आणि दुसऱ्याला होरपळून काढते. असे का होते, हा प्रश्न रुग्णाच्या खाटेजवळ बसलेल्या प्रत्येक नातेवाइकाला पडतो. त्याचे सोपे उत्तर बहुधा कोणाला तरी दोष देऊन मिळवले जाते.

भवानी पेठेत भुसार मालाचा व्यापार असलेल्या एका एकत्र कुटुंबातील दोन जावांची हकिगत या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. थोरलीला स्तनाचा कर्करोग झाला. गाठ काढली आणि १५ हप्त्यांत एकूण ४० ग्रे किरणोपचार झाले. त्वचा थोडी लाल झाली आणि पंधरवड्यात पूर्ववत झाली. तीन वर्षांनी धाकटीलाही तोच आजार निघाला. तीच शस्त्रक्रिया, तेवढीच मात्रा, तेवढेच हप्ते. शेवटच्या आठवड्यात तिच्या काखेतील आणि स्तनाखालील कातडी सोलून निघाली, त्यातून पाणी झरू लागले. जखम भरायला दीड महिना लागला आणि वर्षभरात स्तनाचा तो भाग कठीण होऊन आखडला.

दोघींचे स्वयंपाकघर एक, पाणी एक, देवदर्शन एक, डॉक्टरही एकच. त्यामुळे घरात निष्कर्ष लगेच निघाला. सासूबाई म्हणाल्या, थोरलीने पथ्य नीट सांभाळले, धाकटीने हयगय केली. दिरांना यंत्राचा संशय आला. धाकटी स्वतः काहीच बोलली नाही. एका दुपारी मलमपट्टी बदलताना तिने विचारले, "भाभी, खरं सांगा, तुम्ही असं काय केलं होतं, जे मी केलं नाही?" थोरली म्हणाली, "काहीच नाही गं. तू माझ्यापेक्षा जास्तच काळजी घेतलीस. मी रोज बघत होते ना."

थोरलीचे हे उत्तर माणुसकीचे होते, तसेच ते शास्त्रालाही धरून होते. दोघींचे स्वयंपाकघर एक असले तरी माहेर दोन होते. शरीराच्या पेशी दुरुस्त करण्याची जी यंत्रणा प्रत्येक माणूस जन्मतः घेऊन येतो, ती सासरच्या ताटातून मिळत नाही. ती आईवडिलांकडून येते.

किरणांचे काम समजून घेतले की ही गोष्ट स्पष्ट होते. किरण पेशीत शिरतात आणि तिच्या केंद्रातील डीएनएचे धागे तोडतात. दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले तर पेशीवर मोठे संकट येते. कर्करोगाच्या पेशींची दुरुस्तीची व्यवस्था सहसा बिघडलेली असते, म्हणून त्या मरतात. शेजारच्या निरोगी पेशींचे धागेही तुटतात. पण त्यांना सवड मिळाली तर त्या नुकसान भरून काढतात. एवढ्यासाठीच सगळी मात्रा एकदम न देता रोज थोडी, आठवड्यातून पाच दिवस, अशी हप्त्यांनी दिली जाते. दोन हप्त्यांमधला काळ हा निरोगी पेशींना मिळालेली मुदत असतो. त्या मुदतीत कोणाच्या पेशी पूर्ण फेड करतात, कोणाची थकबाकी राहते. थकबाकी साचत गेली की त्वचा सोलते, तोंडात फोड येतात, आतड्यांतून रक्त जाते. काही परिणाम महिन्यांनी किंवा वर्षांनी उमटतात. मऊ ऊतक दोरखंडासारखे घट्ट होते.

या फरकामागे आनुवंशिकता असू शकते, याचा पहिला ठळक पुरावा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिळाला. 'अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया' नावाचा एक दुर्मिळ जन्मजात आजार आहे. त्यात मुलांचा तोल जातो, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्तवाहिन्या फुगतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. अशा काही मुलांना कर्करोगासाठी नेहमीची मात्रा दिली तेव्हा त्यांना भयंकर इजा झाल्या. कारण उमगायला बरीच वर्षे जावी लागली. १९९५ मध्ये इस्रायलमधील योसेफ शिलो यांच्या गटाने त्यामागचे जनुक शोधले आणि त्याला 'एटीएम' हे नाव मिळाले. बँकेच्या यंत्राशी नामसाधर्म्य असले तरी हे जनुक पहारेकऱ्याचे काम करते. डीएनए तुटला की ते धोक्याची घंटा वाजवते आणि दुरुस्ती करणाऱ्यांना बोलावते. आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तर घंटा वाजतच नाही.

असा आजार फार थोड्यांना होतो. भवानी पेठेतील धाकटीला तो नव्हता. तिच्यासारख्या असंख्य रुग्णांबाबत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. २०१६ मध्ये स्तन आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ५,४५६ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. एटीएम जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे लवकर दिसणाऱ्या दुष्परिणामांची शक्यता सुमारे दीडपट आणि उशिरा दिसणाऱ्यांची सुमारे १.२ पट होते, असे आढळले. हा फरक खरा असला तरी छोटा आहे. कर्नाटकातील मणिपाल येथील संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास करून २०१७ मध्ये सीडी ४४ आणि एमएटी १ ए या दोन जनुकांतील बदलांचा त्वचेच्या तीव्र इजेशी संबंध दाखवला. अशी लहान लहान कारणे अनेक असावीत, हेच आता तज्ज्ञांचे मत आहे. कर्जदाराची पत जशी एका नोंदीवरून ठरत नाही, अनेक नोंदींची बेरीज पाहावी लागते, तसेच हे आहे. मधुमेह, तंबाखू, वजन, आधीची शस्त्रक्रिया, सोबत चालू असलेली औषधे यांचाही त्या बेरजेत वाटा असतो.

या बेरजेला व्यवहारात मोठी किंमत आहे. किरणोपचाराची मात्रा ठरवताना गंभीर कायमची इजा साधारणतः शंभरात पाचांहून अधिक रुग्णांना होऊ नये, असा दंडक पाळला जातो. म्हणजे सर्वांत नाजूक असलेले थोडे रुग्ण सर्वांची मर्यादा ठरवतात. नाजूक कोण हे आधी ओळखता आले, तर त्यांची मात्रा किंवा पद्धत बदलता येईल आणि उरलेल्यांना गरजेनुसार अधिक परिणामकारक मात्रा देता येईल. लाभ दोघांचाही आहे. याच उद्देशाने २००९ मध्ये विविध देशांतील संशोधकांनी एकत्र येऊन 'रेडिओजीनॉमिक्स' या विषयाचा संघ स्थापन केला.

यंत्र सुधारून काय साधते, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात डॉ. सुप्रिया चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ३०० स्त्रियांवर एक चाचणी झाली. या सर्व स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यायचे होते. निम्म्यांना जुन्या पद्धतीने, तर निम्म्यांना रोज प्रतिमा पाहून नेमके रोखलेले किरण देणाऱ्या नव्या पद्धतीने उपचार झाले. तीन वर्षांत आतड्यांचा मध्यम किंवा तीव्र त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के स्त्रियांना झाला, नव्या पद्धतीत २१.१ टक्क्यांना. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष जगभर वाखाणला गेला. त्रास निम्म्यावर आला, ही मोठीच मिळकत आहे. तरीही उत्तम यंत्रावर उपचार घेतलेल्या पाचांपैकी एका स्त्रीला तो त्रास झालाच. ती एक कोण असेल, हे यंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी तिच्या शरीराची आणि तिच्या घराण्याची माहिती लागते.

येथे हा विषय व्यापारी समाजाच्या उंबरठ्याशी येऊन पोहोचतो. भारतात शेकडो वर्षे लग्ने जातीपोटजातीच्या वर्तुळात होत आली. त्याचे शरीरावर उमटलेले ठसे मोजण्याचे काम मराठी मुलखात फार लवकर सुरू झाले. कर्करोग संशोधनाचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी एल. डी. संघवी यांनी १९४९ मध्ये मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांमधील सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील इरावती कर्वे यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये एकाच सामाजिक दर्जाच्या आठ अंतर्विवाही समूहांची जैविक तुलना मांडली. शेजारी राहणारे, एकच भाषा बोलणारे समूहही रक्ताच्या पातळीवर वेगळे असू शकतात, हे अशा अभ्यासांतून पुढे आले.

हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे डॉ. थंगराज आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६३ समूहांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८१ समूह अगदी मोजक्या पूर्वजांपासून वाढलेले आढळले. आंध्र-तेलंगणातील वैश्य हा व्यापारी समाज त्यांपैकी एक. त्या समाजात एका विकराची कमतरता इतरांच्या मानाने कितीतरी अधिक आढळते. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणारे ठरावीक औषध दिले तर त्याचा अंमल लवकर उतरत नाही आणि रुग्णाचा श्वास वेळेवर परत येत नाही. ही गोष्ट माहीत असलेला भूलतज्ज्ञ फक्त औषध बदलतो. खर्च जवळपास काहीच नाही. वाचतो तो जीव. समाजाने स्वतःविषयीची एक उणी बाजू उघड होऊ दिली, म्हणून हे शक्य झाले.

किरणोपचाराबाबत असा ठोस, तयार उपाय आज हाती नाही. नेहमीच्या रुग्णांसाठी खात्रीने भाकीत करणारी रक्ततपासणी अजून रुग्णालयांच्या नित्य वापरात आलेली नाही. या विषयावरची बहुतेक मोठी माहिती युरोपीय वंशाच्या रुग्णांची आहे. भारतातील अंतर्विवाही समाजांची, त्यात जैन व्यापारी कुटुंबांचीही, माहिती त्यात अत्यल्प आहे. जे खाते कधी लिहिलेच गेले नाही, त्याचा ताळेबंद कोण मांडणार?

आणि माहिती न लिहिण्याची सवय तर घरातूनच सुरू होते. धाकटीची जखम भरत आली होती, तेव्हा तिने नगर जिल्ह्यातील माहेरी फोन केला. बोलता बोलता आई म्हणाली, "तुझ्या मावशीलाही शेकानंतर असाच त्रास झाला होता. दोन वर्षं रक्त जायचं बिचारीचं." मावशीला कर्करोग झाला होता, हेच धाकटीला पहिल्यांदा कळत होते. ती म्हणाली, "आई, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. माहेरी कोणालाच काही नाही, असं मी लिहून दिलं." आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तेव्हा तुम्हा बहिणींची लग्नं व्हायची होती, बाळा."

या एका वाक्याला अनेक घरांची भिंत टेकलेली आहे. परिचय संमेलनाच्या पुस्तिकेत उंची, वर्ण, शिक्षण, वार्षिक उत्पन्न, स्वतःचे आणि मामाचे गोत्र छापले जाते. आजाराचा रकाना नसतो. असला तरी तो कोरा राहिला असता. घरात कर्करोग आहे असे कळले तर स्थळे परत जातील, ही भीती निराधार नाही. स्थळे खरोखरच परत गेली आहेत. म्हणून त्या आईला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. तिने समाजाचा व्यवहार ओळखून मुलींचे रक्षण केले. बदलायला हवा तो व्यवहार.

मावशीची हकिगत आधी कळली असती तर धाकटीची मात्रा बदलली असती का? कदाचित नाही. मावशीचा आजार वेगळा होता, मात्रा अधिक होती, यंत्रही जुन्या काळचे होते. एका नातेवाइकाच्या त्रासावरून आनुवंशिक दोष सिद्ध होत नाही. पण डॉक्टरांनी दर आठवड्याऐवजी दर दोन दिवसांनी त्वचा पाहिली असती, आनुवंशिकी तज्ज्ञाकडे विचारणा केली असती, पुढची तपासणी अधिक बारकाईने ठेवली असती. निदान "तू हयगय केलीस" हा आरोप तरी त्या घरात उच्चारला गेला नसता. जखमेच्या वेदनेपेक्षा तो आरोप तिला अधिक काळ पुरला.

या माहितीतून उलटे टोक गाठले जाऊ नये, याचीही खबरदारी हवी. दुष्परिणाम आनुवंशिक असू शकतात असे ऐकून कोणी किरणोपचारच नाकारला, तर नुकसान कितीतरी मोठे होईल. स्तन वाचवून गाठ काढलेल्या १०,८०१ स्त्रियांच्या एकत्रित अभ्यासात दहा वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण किरणोपचाराशिवाय ३५.० टक्के आणि किरणोपचारासह १९.३ टक्के आढळले. बहुसंख्य रुग्णांची कातडी काही आठवड्यांत भरून येते. 'बीआरसीए' जनुकात दोष असलेल्या स्त्रियांनाही किरणांची इजा इतरांहून लक्षणीय जास्त होते असे दिसलेले नाही. मात्र 'टीपी ५३' नावाच्या जनुकात जन्मजात दोष असेल, तर किरणांमुळे पुढे नवा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, आणि अशा वेळी डॉक्टर शक्यतो दुसरा मार्ग निवडतात. लहान वयात अनेक नातेवाइकांना कर्करोग झालेल्या घरात ही शंका घेतली जाते. ती घेण्यासाठी घरची माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचावी लागते. टाटा स्मारक केंद्रात कर्करोग आनुवंशिकीचा स्वतंत्र विभाग आहे; द्रुतगती मार्गाने खारघर पुण्याहून काही तासांवरच आहे.

उपचार सुरू होण्यापूर्वी सांगायच्या गोष्टी फार नाहीत. घराण्यात, विशेषतः माहेरच्या आणि आजोळच्या बाजूला, कोणाला कोणत्या वयात कोणता कर्करोग झाला. कोणाला किरणोपचाराचा असाधारण त्रास झाला का. लहानपणापासून तोल जाणारे मूल होते का. स्वतःला मधुमेह, त्वचा कडक होणारा आजार किंवा ल्युपससारखा विकार आहे का. पूर्वी त्याच भागावर किरण घेतले आहेत का. चातुर्मासात उपचार चालू असतील तर उपवास, आयंबिल आणि चौविहार यांविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे आणि साधुसाध्वींकडेही आपली शारीरिक स्थिती निवेदन करावी. घसा आणि तोंड यांच्या उपचारात वजन घटले, तर चेहऱ्यावरचा साचा सैल होतो आणि किरणांचा नेम ढळू शकतो. हळद, तेल किंवा घरगुती लेप विचारल्यावाचून लावू नयेत.

जैन कुटुंबांनी रुग्णसेवेला आजवर सढळ हाताने दिले आहे. रुग्णालयांतील खाटा, यंत्रे, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा, अन्नदान यांवर त्यांच्या पूर्वजांची नावे कोरलेली आहेत. आता आणखी एका दानाची गरज आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. संशोधन करणाऱ्या मान्यवर संस्थेने रीतसर संमतिपत्र पुढे ठेवले, नाव गुप्त राखण्याची लेखी हमी दिली, तर रक्ताचा एक नमुना आणि घराण्याची खरी माहिती द्यावी. हमी नीट वाचून घ्यावी, शंका विचाराव्यात; व्यापारी माणसाला करार वाचायला शिकवावे लागत नाही.

दिवाळीला पेढीवर नव्या वह्यांचे पूजन होते. त्या वह्यांमध्ये येणे लिहिले जाते तसे देणेही लिहिले जाते. देणे लपवणाऱ्या व्यापाऱ्याची पत टिकत नाही. त्या दिवशी आणखी एक छोटी वही घरात आणता येईल. एका पानावर सासरच्या तीन पिढ्या, समोरच्या पानावर माहेरच्या तीन पिढ्या. नाव, आजार, वय, उपचार, उपचाराचा त्रास. लिहिण्याचे काम घरातील सर्वांत वडील स्त्रीकडे सोपवावे, कारण कोणाच्या मावशीला काय झाले होते, हे बहुधा तिलाच ठाऊक असते.